एक ऊन कमी

२८ जानेवारी, बुधवार

ही डायरी क्रांतीनं दिली. क्रांती म्हणजे माझी सून. मच्छीमार सोसायटीनं गेल्या वर्षी वाटली होती, तिनं दोन पानं दुधाचा हिशोब लिहून सोडून दिली. गेल्या वर्षीचे वार जुळत नाहीत, मी खोडून घालते. चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर वाईट आहे, पण वाचणारी मीच.

लिहायचं कारण असं. परवा पुण्याच्या तीन पोरी आल्या रेवदंड्याला. पाठीवर हे एवढे बोजे. रेवसच्या धक्क्यापासून हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्यानं चालत निघालेल्या. खोली मिळाली नाही म्हणून आमच्या पडवीत झोपल्या. सकाळी मी विचारलं, खर्च किती येतो याला. त्यातली नूतन नावाची म्हणाली, "काकू, बूट, बॅग, तंबू, राहणं, खाणं सगळं धरून माणशी बावीस हजार."

मी म्हटलं, "चालायला?"

पोरी हसल्या. मला काही हसू आलं नाही. पाय आपले, रस्ता सरकारचा, किनारा दर्याचा, मग बावीस हजार कोणाला देता? मी म्हटलं, मी फुकटात जाऊन दाखवते. पोरी म्हणाल्या, जाच काकू, आम्हाला फोटो पाठवा.

नलू तिथंच बसून बोंबील लावत होती. नलू माझी शेजारीण. तिला नवरा नाही, मुलगा उरणला असतो. तीस वर्षं आम्ही दोघी शेजारी शेजारी बांबू रोवून बोंबील वाळवतो. ती म्हणाली, "जातेस तर मला पण ने. वाटेत माझं माहेर हाय."

तिचं माहेर श्रीवर्धनचं जीवना बंदर. आईबाप गेले, भाऊ गेला, एक आत्या उरली आहे, भागुबाई. तिनंच नलूला लहानाची मोठी केली. नलू अकरा वर्षांत गेली नाही. मी म्हटलं, अगं एसटीनं जाऊन येतं माणूस, त्यात काय. तर म्हणाली, "एसटीनं जायला निमित्त लागतं गो. चालत गेलं तर कोण विचारत न्हाय का आलीस."

तिचं असलं बोलणं मला कधी कळत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. पंधरा तारखेला महाशिवरात्र, त्या दिवशी हरिहरेश्वर गाठायचं.

नियम मी घातलेत. फेरीबोटीचं भाडं सोडून पैसा काढायचा नाही. झोपायचं कोळीवाड्यात. आपलं गाव, आपलं नाव सांगितलं की कुठल्याही कोळणीच्या पडवीत जागा मिळते, आणि होड्या लागल्या असतील तर तासभर मच्छी निवडू लागलं की जेवण पण मिळतं. डोक्यावर एकेक पाटी. माझ्या पाटीत सुका जवळा, तो वाटेतल्या शेतकरी घरांत द्यायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचे. नलूच्या पाटीत सुके बोंबील, ते खानावळींना रोकड्यात विकायचे. म्हणजे खर्च शून्य. वर पैसे घेऊन घरी यायचं.

सुजित, माझा मुलगा, म्हणाला, "आई, त्या पोरी फिरायला गेल्यात. तू धंद्याला चाललीस."

मी म्हटलं, तुझ्या होडीचा हप्ता धंद्यानंच जातो.

मालक, म्हणजे सुजितचे वडील, जाळं शिवत बसले होते. धर्माजी एकदा बोलले की दोन दिवस बोलत नाहीत. म्हणाले, "नलूला नेतेस तशी परत आण." मी म्हटलं, ती काय पाटी आहे?

६ फेब्रुवारी, शुक्रवार. थळ

सकाळच्या गाडीनं रेवसला गेलो आणि धक्क्याला हात लावून निघालो. अलिबागच्या गाडीतून तोच रस्ता पन्नासदा बघितलाय, पण पायाला तो वेगळाच लागतो.

नलू हळू चालते. पाय चांगले आहेत तिचे, तोंड थांबत नाही. सासवण्यात एका म्हातारीशी तिच्या शेळीबद्दल पाव तास बोलली. किहीमला कुंपणावरच्या फुलाचं नाव विचारत उभी. मी पुढं जाऊन थांबायचं, परत हाक मारायची. दुपारी मी म्हटलं, "तुला माहेरी जायचंय की सगळ्या जिल्ह्याला भेटायचंय?" ती म्हणाली, "दोन्ही."

थळच्या कोळीवाड्यात जागा मिळाली. जवळा निवडू लागलो. भाकरी आणि सार.

७ फेब्रुवारी, शनिवार. रेवदंडा

दोन दिवस चालून आपल्याच घरी पोचलो. सुजितनं दारातूनच विचारलं, "काय, खोली पाहिजे का?" क्रांती तोंडाला पदर लावून आत पळाली. हसा. घर वाटेत आलं त्याला मी काय करू. पाट्या इथूनच घ्यायच्या होत्या.

संध्याकाळी बोंबील काढले. तीन दिवस लागलेले होते, पण मधला दिवस ढगाळ गेला. नलूनं एक हातात घेऊन वाकवून बघितला. म्हणाली, "अजून एक ऊन दाखव, केसर. उद्या राहू, परवा निघू."

मी म्हटलं, परवा निघालो तर शिवरात्र चुकते. वाकला म्हणून काय झालं, बोंबील वाकणारच. ती म्हणाली, तुझी मर्जी. मग आम्ही दोघींनी मिळून काढले. काट्यावर चौदा किलो भरले. जवळा सात किलो, तो चांगला खडखडीत होता.

चौदा किलो नलूच्या डोक्यावर. तिनंच घेतले. म्हणाली, "तुझी मान दुखते, तू जवळा घे." माझी मान दोन वर्षांपूर्वी दुखत होती.

८ फेब्रुवारी, रविवार. बोर्ली

साळावचा पूल ओलांडला. कोर्लईपर्यंत बरं चाललो. तिथं नलूनं नवीन नाटक काढलं. थांबलो की पाटी उतरवायची, खडकावर ओढणी पसरायची आणि सगळे बोंबील मांडायचे. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "वाफ धरतील गो. उन्हाला टाकते." मांडायला दहा मिनिटं, उचलायला दहा मिनिटं. तीनदा थांबलो, तीनदा मांडले. तासाचा चुराडा.

आज विक्री नाही. जवळा दोन माप दिला, तांदूळ मिळाले. नलू माप भरलं की वर एक मूठ घालते. माझ्या पाटीतून मूठ घालते आणि मला विचारत नाही. मी म्हटलं तर म्हणाली, "मूठ न्हाय घातली तर पुढच्या टायमाला दार उघडेल का बाय?" मी म्हटलं, पुढच्या टायमाला कोण येणार आहे इथं.

९ फेब्रुवारी, सोमवार. नांदगाव

काशीदला पर्यटक लोटलेत. एका खानावळवाल्यानं दोन किलो बोंबील घेतले. भाव चांगला मिळाला. बारा राहिले पाहिजेत.

दुपारी मी विहिरीवर पाणी आणायला गेले, नलू पाटीजवळ बसली. परत आले तर पाटी उघडी, बोंबील मांडलेले, आणि नलू एका बाईशी बोलत बसलेली. बाईच्या हातात पिशवी. मी आले तशी ती बाई उठली. कोण म्हणून विचारलं तर म्हणे, रस्ता विचारत होती. ती इथलीच बाई, ती रस्ता कशाला विचारेल?

विचारलं नाही पुढं. पण लिहून ठेवते.

जेवताना नलूनं तिची अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली. भूक नाही म्हणाली. दिवसभर चालून भूक नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार. मुरूड

आज वजन केलं. शकू म्हणून नलूच्या ओळखीची बाई आहे कोळीवाड्यात, तिच्याकडे काटा आहे. जवळा जेवढा पाहिजे तेवढा भरला, मुठी धरूनसुद्धा. बोंबील बारा पाहिजे होते. भरले दहा किलो तीनशे.

एक किलो सातशे कमी.

मी काट्याकडे बघितलं, नलूकडे बघितलं. ती शकूच्या सुनेच्या बाळाकडे बघत होती. मी परत भरून बघितले. तेवढेच. परक्याच्या घरात तमाशा नको. शकूनं दोन किलो घेतले. आठ किलो तीनशे राहिले.

मग नलू शकूबरोबर मागच्या दारी गेली आणि तासभर आलीच नाही. मागच्या दारी शकूचे सोडे वाळत होते. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, बोंबलापेक्षा कितीतरी महाग. मी पडवीत एकटी बसले.

नलू तीस वर्षांत एक पैशाला खोटी निघालेली नाही. पण तीस वर्षांत तिच्या हातात माझा माल एकट्यानं दिलाही नव्हता मी. दोन्ही खरं आहे. काय समजू?

११ फेब्रुवारी, बुधवार. दिघी

आज झालं ते लिहिते.

सकाळी आगरदांड्याला पोचलो, दिघीच्या फेरीबोटीला वेळ होता. धक्क्यावर एका मच्छीवाल्याचा मोठा काटा होता. मी नलूला म्हटलं, पाटी ठेव. ती म्हणाली, परत? मी म्हटलं, ठेव.

सात किलो नऊशे. रात्रीत चारशे ग्रॅम गेले.

मी म्हटलं, "कुठं गेले?"

ती म्हणाली, "मला काय विचारतेस, बोंबलांना विचार."

"मस्करी नको. काल शकूकडं मागच्या दारी तासभर काय चाललं होतं?"

"तिच्या सुनेचं बाळ रडत होतं. शेकत होतो."

"तुझं गाठोडं सोड."

माणसं फेरीच्या रांगेत उभी होती, मोटारसायकलवाले, एक गाडीभर कॉलेजची पोरं. सगळे ऐकत होते. ते मला दिसत होतं आणि तरी मी आवाज खाली घेतला नाही. म्हटलं, "सोड, नलू. न्हाय तर मी सोडते."

तिनं सोडलं. दोन लुगडी, एक कंगवा, आणि कापडाच्या पिशवीत अर्धा किलो सोडे.

मी म्हटलं, "हे आले कुठून? बोंबील देऊन घेतलेस ना शकूकडून?"

"घरून आणलेत. आत्याला. तिला दात न्हाईत, सोडे मऊ शिजतात."

"घरून आणलेस तर इतके दिवस दाखवले का न्हाईत?"

"तू दिसेल त्याचं वजन करतेस म्हणून."

मग तिनं गाठोडं बांधलं. सोडे बाहेरच ठेवले, बोंबलाच्या पाटीवर. डोक्यावरची चुंबळ पण काढून ठेवली. रागावलेली दिसली नाही, ते मला अजून जास्त लागलं. म्हणाली, "तीस वर्सं माझ्या शेजारी बोंबील वाळवतेस तू, केसर." मग म्हणाली, "सोडे मोजून घे. वाटलं तर आत्याला दे." आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. या वेळी मुळीच हळू चालली नाही.

मी हाक मारली नाही. फेरी लागली, मी चढले. एका पाटीवर दुसरी पाटी.

चोरी पकडली की माणूस असंच करतं. निघून जातं. हे मी फेरीत स्वतःला दहा वेळा सांगितलं. पण चोरी करणारी सगळा माल सोडून जाते का?

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दिवेआगर

दोन पाट्या घेऊन वेळासवरून इथं आले. मान दुखली. कोणी बोलायला नव्हतं. लवकर पोचले, इतकी की काय करावं कळेना.

वाटेत काही विकलं नाही. पाटी कोणाच्या हातात दिली नाही, काल झोपतानाही उशाला होती. इथं एका किराणावाल्याला बोंबील दाखवले. त्यानं काट्यावर घातले.

सात किलो चारशे.

मी म्हटलं, भाऊ, काटा खराब आहे. त्यानं एक किलोचं वजन ठेवून दाखवलं. बरोबर एक किलो. मग त्यानं एक बोंबील उचलला आणि मोडला. पापडासारखा कट्कन मोडला. म्हणाला, "मावशी, माल एक नंबर. कडक वाळलाय. सगळे द्या."

मी तिथंच पायरीवर बसले. त्याला वाटलं ऊन लागलं, त्यानं पाणी दिलं. बोंबील सगळे त्यालाच दिले.

शनिवारी हेच बोंबील वाकत होते. पाणी होतं त्यांच्यात. चार दिवस डोक्यावरच्या उन्हात आणि नलूनं खडकावर मांडून मांडून ते पाणी उडालं. वजन उडालं. जवळा आधीच वाळलेला होता म्हणून माझी पाटी रोज बरोबर भरत होती आणि तिची कमी. लग्नाआधीपासून मी हे काम करते. ओल्याचं सुकं झालं की वजन किती उतरतं हे मला कोणी विचारलं तर झोपेत सांगेन. ओला माल मोजला आणि सुक्याचा हिशोब नलूकडे मागितला.

आणि ती मांडत होती म्हणून माल नासला नाही. नाहीतर मुरूडला बुरशी धरली असती. मी म्हणत होते, तासाचा चुराडा.

तिला कळलं होतं. धक्क्यावर पहिल्या मिनिटाला कळलं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं, बोंबील वाळले गो केसर. का नाही सांगितलं?

मी ऐकलं असतं का? गाठोडं सोड म्हणणारी बाई ऐकते का?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. भरडखोल

नलूला सहा वेळा फोन केला. उचलत नाही. मग सुजितला केला. म्हणाला, ती बुधवारीच आली, क्रांतीला म्हणाली पायाला गोळा आला. काल तर तिनं तुझे बांबू पण सरळ केले, एक पडला होता.

मी म्हटलं, तिला सांग, बोंबील वाळल्यामुळं कमी भरले.

सुजित म्हणाला, "म्हणजे? काय कमी भरलं?"

म्हणजे तिनं घरी काहीच सांगितलं नाही. मी म्हटलं, काही नाही, तू नको सांगू, मी सांगेन. तो म्हणाला, तुमचं काय चाललंय तुम्हाला माहीत.

परत फिरायला पाहिजे होतं. सकाळी एसटीच्या थांब्यावर उभी पण राहिले. दोन गाड्या सोडल्या. सोडे आत्याला पोचवायचे आहेत, असं स्वतःला सांगितलं. ते खरं आहे. पण शिवरात्रीला पोचून त्या पोरींना फोटो पाठवायचा होता, हे पण खरं आहे. लाज वाटते लिहायला. लिहिलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार. जीवना बंदर, श्रीवर्धन

भागुबाईचं घर शोधावं लागलं नाही. दारात पाट टाकून बसली होती. शेजारीण म्हणाली, चार दिवस झाले, उन्हं आली की बसते ती उन्हं जाईपर्यंत. निघायच्या आधी नलूनं शेजारणीच्या फोनवर कळवलं होतं, चालत येतेय म्हणून.

वाळलेली बाई. डोळ्यांना कमी दिसतं. माझी पाटी बघून उठली, भिंत धरून पुढं आली आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मग थांबली. म्हणाली, "तू नलू न्हाय."

मी म्हटलं, "मी केसर. तिची शेजारीण."

"केसर व्हय. सांगते ती तुझं. नलू मागं हाय का?"

तिथं मी खरं बोलू शकले असते. धक्क्यावर सगळ्या रांगेसमोर नलूला चोर ठरवायला मला काही वाटलं नव्हतं, या एका म्हातारीसमोर खरं बोलवेना. म्हटलं, "पाय दुखतात तिचे. मुरूडपासून परत पाठवली."

"लय दुखतात?"

"लय."

तिनं परत एकदा रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लहानपणी पण दुखायचे. रात्री मी चेपायची." आणि मला आत घेऊन गेली.

आत नवीन चटई होती. शेजारणीकडून मागून आणलेली गादी होती. मडक्यात ताजं पाणी. मी सोडे दिले, म्हटलं नलूनं पाठवलेत. तिनं वास घेतला. त्याच रात्री शिजवले. वांगं घालून. मला वाढले. मी म्हटलं, तुम्ही खा आत्या, तुमच्यासाठी आहेत. म्हणाली, "तू आलीस म्हणजे नलूच आली." ते सोडे मी खाल्ले. चव सांगता येत नाही. ती बघत होती, म्हणून खाल्ले.

जेवण झाल्यावर शेजारणीचा फोन आणला. भागुबाईनं नलूला लावायला सांगितला. माझा उचलत नाही, तिचा पहिल्या रिंगला उचलला. आवाज मोठा ठेवला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"नलू, पाय कसा हाय गो?"

मी चटईचा काठ धरून बसले. मग नलू म्हणाली, "दुखतो गो आत्या."

"तेल लाव."

"लावते. सोडे मिळाले का?"

"मिळाले. मऊ हायत."

"केसर हाय ना तिथं? तिला जेवाय घाल. तिखट कमी घाल, तिला सोसत न्हाय."

भागुबाई म्हणाली, घे, तिच्याशी बोल, आणि फोन माझ्या हातात दिला. फोन बंद झालेला होता.

१५ फेब्रुवारी, रविवार. हरिहरेश्वर

पोचले. गर्दी. रांग टेकडीपर्यंत. रांगेत उभी राहिले नाही, लांबून हात जोडले. एका माणसानं फोटो काढून दिला, पाटी डोक्यावर. पुण्याच्या पोरींना पाठवला. त्यांचा लगेच निरोप आला, काकू ग्रेट, किती खर्च आला?

फोन पाटीत टाकला. 

१७ फेब्रुवारी, मंगळवार. रेवदंडा

काल संध्याकाळी एसटीनं आले. मालकांनी जाळ्यातून मान वर केली नाही. म्हणाले, "नलू बुधवारीच आली. एकटी."

मी सकाळी तिच्याकडे गेले. तीस वर्षं मी मागच्या दारानं जाते, चुलीवर काय आहे ते झाकण उघडून बघते, चहा स्वतः गाळून घेते. आज मागचं दार लावलेलं होतं. पुढून गेले.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बोंबील वाळले म्हणून कमी भरले. चूक माझी. मी चोर म्हटलं तुला, ते माझं चुकलं."

ती म्हणाली, "चुकायचं काय त्यात. बस."

मला खुर्ची दिली. आत जाऊन चहा केला. कपबशीत आणला. ती कपबशी मी ओळखते, मुलाच्या सोयरिकीची माणसं आली तेव्हा विकत घेतली होती तिनं. बशीत दोन बिस्किटं.

मी म्हटलं, "नलू, शिव्या घाल मला."

"शिव्या कशाला घालू? साखर बरोबर हाय का?"

तिच्या वाटणीचे पैसे मी ठेवले. तिनं घेतले. नको म्हणाली असती तर भांडले तरी असते. दारापर्यंत सोडायला आली. इतक्या वर्षांत कधी दारापर्यंत सोडायला आलेली नाही, मला जाताना ती बघायची पण नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नलू माझ्या शेजारीच बोंबील लावते. जागा बदलली नाही. विचारलं की उत्तर देते. कालवण जास्त झालं तर वाटी पाठवते, क्रांतीच्या हातून. क्रांती म्हणते, आई, तुमचं काही बिनसलंय का? मी म्हटलं, नाही. बाहेरून बघितलं तर खरंच काही बिनसलेलं नाही.

पूर्वी बोलत असायची दिवसभर. मी म्हणायचे, तोंड मिट जरा. आता मिटलंय.

आज ढग आले होते. माझे बोंबील अजून ओलसर होते. मी मुद्दाम काढायला लागले, ती अडवेल म्हणून. अजून एक ऊन दाखव, म्हणेल. तिनं बघितलं आणि ती आपले बोंबील लावत राहिली. मी परत लावले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

भागुबाईच्या शेजारणीचा फोन आला माझ्याकडे. म्हातारी विचारतेय, नलूचा पाय बरा झाला का. अजून रोज दारात बसते म्हणे.

आज विचारलंच नलूला. दुपारी बांबूंजवळ दोघीच होतो. म्हटलं, "उन्हाळा चढायच्या आधी परत निघू. या वेळेला तू म्हणशील तसं. पाट्या नको, वजन नको, हवं तितकं थांब, हव्या त्या बाईशी बोल. खर्च माझा. खोली करू, खानावळीत जेवू. शिवरात्र नको, हरिहरेश्वर नको. जीवन्यापर्यंतच जाऊ. तुला चालत जायचं होतं ना."

मी एवढं एका दमात कधी बोलत नाही. तिनं हातातला बोंबील दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला, दोरीवर टाकला. पुढचा घेतला.

सकाळी सुजितची होडी लागली तेव्हा मी तिला बघितलं होतं. ओल्या वाळूतून दोन भरलेल्या पाट्या घेऊन दोनदा पळत वर आली, तरण्या बायकांच्या पुढं.

ती माझ्याकडे बघून हसली, चांगलं हसली, आणि म्हणाली, "न्हाय गो केसर. पाय दुखतात माझे."